दाबा, थांबा आणि मग बोला

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणारी गाडी थांबली, की बटाटेवड्याच्या गडबडीत शेवटच्या डब्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तेथे अनेक गाड्यांना मागून ढकलणारी इंजिने जोडली जातात. रेल्वेचे लोक त्यांना ‘बँकर’ म्हणतात. १८६३ साली खुल्या झालेल्या बोरघाटाच्या या मार्गावर चढ आहे ३७ फुटांना १ फूट. पुढच्या इंजिनाने ओढायचे, मागच्यांनी ढकलायचे. आणि बोगदे नि वळणे अशी, की एकाला दुसरा दिसत नाही. दोघांचा मेळ चुकला तर डब्यांना हिसका बसतो, प्रसंगी जोडणीही तुटू शकते. पूर्वी हा मेळ शिट्ट्यांच्या संकेतांवर राखला जाई. ते संकेत आजही आहेत. पण आता चालकाच्या आणि गार्डच्या (२०२२ पासून त्यांना ट्रेन मॅनेजर म्हणतात) हाती वॉकीटॉकीही असते.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. भौतिकशास्त्राशी माझी सोयरीक दहावीलाच संपली. पण वडगावात एका दुरुस्तीच्या दुकानात उघडून ठेवलेला असा संच पाहिला आणि कुतूहल जागे झाले. दुकानदार काकांनी समजावले ते येथे मांडतो. शास्त्राच्या प्राध्यापकांनी चुकल्यास कान धरावा.

प्रथम प्रक्षेपक, म्हणजे ट्रान्समीटर. आपला आवाज दूर जाऊ शकत नाही. रेडिओलहर जाऊ शकते. तेव्हा आवाजाला लहरीच्या पाठीवर बसवायचे, एवढेच प्रक्षेपकाचे काम. मायक्रोफोन आवाजाचे विजेच्या चढउतारांत रूपांतर करतो. ते वाढवून, फार मोठे असल्यास छाटून आणि साधारण ३०० ते ३००० हर्ट्झ एवढाच भाग ठेवून पुढे पाठवतात. बोलणे समजायला तेवढा पुरतो. हे चढउतार मुख्य लहरीची कंप्रता, म्हणजे दर सेकंदाची आंदोलने, किंचित कमीजास्त करतात. यालाच फ्रिक्वेन्सी मॉड्युलेशन म्हणतात. मग ती दुबळी लहर दोनतीन पायऱ्यांनी वाढवत हातातल्या संचात साधारण ५ वॅटपर्यंत नेतात. वाढवताना दुप्पट, तिप्पट कंप्रतेच्या नको त्या लहरीही जन्मतात. त्या गाळून उरलेली लहर अँटेनातून बाहेर पडते.

हे झाले सोपे. खरी मेख पुढे आहे. ही मुख्य लहर नेमक्या ठरलेल्या कंप्रतेची असलीच पाहिजे. उदाहरणादाखल हौशी रेडिओचालकांचा पट्टा घेऊ. केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळवलेले हे लोक १४४ ते १४६ मेगाहर्ट्झवर बोलतात. समजा १४५ मेगाहर्ट्झवर बोलायचे आहे आणि शेजारचा मार्ग २५ किलोहर्ट्झवर आहे. साधी तारेची गुंडाळी आणि कपॅसिटर यांनी बनवलेला आंदोलक उन्हाने तापून हजारात एक भाग जरी सरकला, तरी तो १४५ किलोहर्ट्झ ढळला. म्हणजे जवळजवळ सहा मार्ग ओलांडून परक्याच्या घरात शिरला! ज्याला निरोप द्यायचा त्याला काहीच ऐकू येणार नाही.

क्वार्ट्झचा स्फटिक मात्र असा ढळत नाही. म्हणून जुन्या संचांत प्रत्येक मार्गासाठी वेगळा स्फटिक बसवीत. मार्ग वाढले की स्फटिक वाढले, खर्चही वाढला. यावर तोडगा म्हणजे फ्रिक्वेन्सी सिंथेसायझर. यात एकच उत्तम स्फटिक असतो आणि बाकीचे काम भागाकार करतो.

आपण १२.८ मेगाहर्ट्झचा स्फटिक घेऊ. त्याला ५१२ ने भागले की २५ किलोहर्ट्झचा ठेका मिळतो. दुसरीकडे १४५ च्या आसपास डोलणारा चंचल आंदोलक आहे. त्याच्या कंप्रतेला ५८०० ने भागतात. (एवढ्या वेगाने मोजणे साध्या मोजणी-मंडलाला झेपत नाही, म्हणून आधी प्रिस्केलर नावाचे वेगवान मंडल तिला ठरावीक पटीने उतरवते.) आंदोलक बरोबर १४५ वर असेल, तर हा भागाकारही २५ किलोहर्ट्झच येईल. दोन्ही ठेके एका तुलना-मंडलापुढे येतात. दिंडीत मृदंगाशी पाऊल जुळवणाऱ्या वारकऱ्याप्रमाणे, पाऊल मागे पडले की ते आंदोलकाला पुढे रेटते, पुढे गेले की आवरते. हे रेटणे-आवरणे विजेच्या दाबाने होते. तो दाब गाळून व्हॅरॅक्टर डायोडला देतात. त्याने डायोडची धारकता बदलते आणि तिच्यासरशी कंप्रताही. ठेके जुळले की मंडल ‘लॉक’ झाले म्हणतात. आता ५८०० ऐवजी ५८०१ ने भागा, की आंदोलक आपोआप १४५.०२५ वर जाऊन बसतो. मार्ग बदलायचा म्हणजे केवळ आकडा बदलायचा!

येथे एक शंका येईल. आवाजाने कंप्रता हलवली, तर हे मंडल तिलाच चूक समजून पुसून टाकणार नाही का? नाही, कारण त्याची सुधारणा मुद्दाम मंद ठेवलेली असते. सावकाश होणारे ढळणे ते सावरते, आवाजाच्या झपाट्यामागे मात्र धावू शकत नाही.

ऐकतानाही हाच सिंथेसायझर कामाला येतो. फक्त आकडा निराळा. आतली मधली कंप्रता २१.४ मेगाहर्ट्झ असेल, तर आंदोलक १२३.६ वर हवा, म्हणजे भाजक ४९४४. बोलण्याचे बटण दाबताच ४९४४ चे ५८०० होतात आणि आंदोलकाला नवी जागा गाठायला क्षणाचा काही अंश लागतो. मंडल लॉक होईपर्यंत चांगला संच प्रक्षेपण रोखून धरतो, नाहीतर वाटेतल्या सगळ्या मार्गांवर गोंगाट होईल. पलीकडच्या संचालाही खरखर अडवणारे आपले दार उघडायला थोडा वेळ लागतो.

त्या निमिषात बोललेला शब्द मात्र हरवतो. कल्पना करा, घाटात पुढून कोणी घाईने म्हणाले, ‘‘नका ढकलू!’’ आणि पहिला शब्द गेला. मागे पोचेल ते एवढेच : ‘‘ढकलू!’’

म्हणून काकांनी संच पुन्हा बंद करताना जे सांगितले तेच शेवटी सांगतो. बटण दाबा, मनात एक अंक मोजा आणि मगच बोला. आणि समोरच्याने निरोप जसाच्या तसा परत म्हणून दाखविल्याशिवाय तो पोचला असे समजू नका.