शुक्रवार विचारा

विस्कॉन्सिनच्या पार उत्तरेला कॉनोव्हर नावाचं गाव आहे. जूनअखेर तिथे सूर्य मावळतो तो पावणेनऊच्या पुढे, आणि त्यानंतरही बराच वेळ आभाळ निळसरच राहतं. तिथल्या रामा कॅम्पात शनिवारी रात्री दहाच्या सुमारास शेकडो मुलं तळ्याकाठी जमतात. तीन तारे दिसले की शब्बात, म्हणजे ज्यूंचा आठवड्याचा विश्रांतीचा दिवस, संपला. मग अनेक वातींची वेणी घातलेली मेणबत्ती पेटते, लवंग-दालचिनीची डबी या हातातून त्या हातात वास घेत फिरते, ज्योत द्राक्षरसात बुडवून विझवतात आणि नवा आठवडा सुरू होतो. शिकागोच्या फ्लॅटमध्ये हीच वेळ छापील तक्त्यात बघायची असते. कॅम्पातही घड्याळ असतंच म्हणा, पण तिथे तक्ता खरा की खोटा हे मान वर करून ताडता येतं.

मुलाला उन्हाळ्यात महिनाभर अशा ठिकाणी पाठवायचं तर कुठल्या, हा अमेरिकेतल्या असंख्य ज्यू घरांमधला हिवाळी चर्चेचा विषय आहे. माहितीपत्रकं सगळी सारखीच दिसतात: तळं, होडी, दोरीवर लोंबकळणारी हसरी मुलं. त्यामुळे लोक तळ्यांची तुलना करत बसतात. माझ्या मते विचारायचा पहिला प्रश्न निराळा आहे: तुमच्याकडे शुक्रवारी दुपारी चारपासून शनिवारी रात्रीपर्यंत काय काय होतं, तासातासाने सांगा. बाकी सगळं त्या उत्तरातून उलगडत जातं. का, ते कळायला थोडं मागे जावं लागेल.

मुक्कामी उन्हाळी कॅम्प ही अस्सल अमेरिकी गोष्ट. १८६१ साली कनेटिकटमधल्या फ्रेडरिक गन या शिक्षकाने आपल्या शाळेतली मुलं चालवत समुद्रकाठी नेली आणि तंबूत ठेवली, तिथून तिची सुरुवात मानतात. ज्यू कॅम्प आले ते मात्र गरजेतून. पूर्व युरोपातून आलेली कुटुंबं न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडला कोंदट खोल्यांत दाटीवाटीने राहत होती. त्यांच्या मुलांना चार दिवस मोकळी हवा मिळावी म्हणून एज्युकेशनल अलायन्स या संस्थेने १९०२ मध्ये हडसन नदीच्या खोऱ्यात, कोल्ड स्प्रिंगजवळ, सरप्राइज लेक कॅम्प काढला. तो आजही चालू आहे. लोकगायक पीट सीगरचं गाणं याच कॅम्पात ऐकून एका पोराने घरी परतल्यावर गिटार धरली. पुढे गायक म्हणून गाजलेल्या त्या पोराचं नाव नील डायमंड. दुसरीकडे, त्या काळातले कित्येक कॅम्प ज्यू मुलांना घेतच नसत, त्यामुळे आपले आपण काढणं भागही होतं.

पण नुसत्या हवेवर कोण समाधान मानतो? १९१९ मध्ये सेजविन कॅम्प निघाला तो शिक्षणाचा हेतू मनात धरूनच. १९२३ मध्ये डाव्या विचारांचा किंडरलँड आणि यिडिश भाषेचा बोइबेरिक उभे राहिले. १९४१ मध्ये श्लोमो आणि रिव्का शुलसिंगर या दांपत्याने मसाद काढला. तिथे बेसबॉलसुद्धा हिब्रूतून खेळायचा. मग युद्ध संपलं. युरोपातल्या पाठशाळा, यिडिश बोलणारे मोहल्ले, पुढच्या पिढीचे शिक्षक, सगळं राखेत गेलेलं. नवे शिक्षक आता इथेच घडवावे लागणार, या जाणिवेच्या काळात, १९४७ साली, रामा या कॅम्पांच्या साखळीतला पहिला कॅम्प कॉनोव्हरला सुरू झाला. तळ्याकाठी मुलांना पोहायला शिकवणाऱ्या माणसांच्या मनात एका अख्ख्या संस्कृतीचं बी धरून ठेवायचं होतं. हे कळल्यावर माहितीपत्रकातली हसरी मुलं जरा वेगळी दिसायला लागतात.

आता शुक्रवार. दुपारी सगळ्या कॅम्पांत धांदल सारखीच: केबिन झाडायच्या, आंघोळीला रांगा, पांढरे कपडे. सूर्य कलला की रस्ते फुटतात. परंपरा काटेकोर पाळणाऱ्या कॅम्पात सूर्यास्तानंतर अग्नी पेटत नाही, म्हणजे शुक्रवारी रात्री शेकोटी नाही. वाद्यं पेटीत. शनिवारी होड्या किनाऱ्यालाच, चित्रकलेच्या खोलीला कुलूप. मुलं काय करतात? टेबलं बडवत गातात, झाडाखाली लोळतात, गप्पा मारतात. सुधारणावादी पंथाच्या कॅम्पात त्याच रात्री गिटार वाजते. किंबहुना अमेरिकी ज्यू प्रार्थनेत गिटार आली ती बरीचशी अशा कॅम्पांतूनच. विस्कॉन्सिनच्याच ओकोनोमोवॉक इथल्या कॅम्पात गाणी शिकवणाऱ्या डेबी फ्रिडमनच्या चाली आज देशभरच्या सिनेगॉगमध्ये म्हटल्या जातात. हबोनिम द्रोर या चळवळीच्या कॅम्पांवर इस्राएलमधल्या सामुदायिक शेतवस्त्यांची छाप आहे. मुलं रोज श्रमदान करतात आणि घरून आलेला खाऊसुद्धा सगळ्यांच्या साठ्यात जमा होतो. (आपल्या मुलाला हे मानवेल का, याचा विचार आधी करावा.) इस्राएलविषयी काय आणि कसं शिकवतात, यावर पालकांत आज कडाक्याचे मतभेद आहेत. तेही थेट विचारावं, आडून नको.

शुक्रवारचं सगळ्यात अद्भुत काम मात्र मुलांना फारसं दिसतच नाही. शब्बातला घराबाहेर, सार्वजनिक जागेत वस्तू उचलून न्यायची नाही असा नियम आहे. पाण्याची बाटलीही नाही. मग जंगलात पसरलेल्या कॅम्पाने करायचं काय? सगळ्या आवाराभोवती खांब किंवा झाडं पकडत एक तार किंवा दोरी फिरवायची. ही एरुव. दोन खांब आणि वरून गेलेली दोरी म्हणजे दाराची चौकट, अशा चौकटी एकीला एक लागून उभ्या, म्हणून आतलं सगळं रान धर्मशास्त्राच्या हिशेबाने एक घर. दर शुक्रवारी कोणीतरी ही सीमा पायी फिरून तपासतं. आदल्या रात्रीच्या वादळात एखादी फांदी कोसळून दोरी तुटली असेल तर ती सूर्यास्ताआधी जोडायची. पाईन वृक्षांमधून लांब काठीने दोरी सावरत फिरणारा तो माणूस डोळ्यांपुढे आणा: एका सुताने शेकडो एकरांचं घर करतोय!

कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्राएली, तेलाचे घाणे शनिवारी बंद ठेवत, तेव्हा त्यांच्याही मनात हाच दिवस होता. नियम एकच, पण रेवदंड्याला तो घाण्यापाशी दिसायचा आणि इथे होडीपाशी.

स्वयंपाकघरही असंच बोलकं असतं. मांस आणि दूध एकत्र खायचं नाही, भांडीही वेगळी, हे कोशेर आहाराचं मूळ सूत्र. आता शेकोटीवरचा अमेरिकी मुलांचा लाडका खाऊ घ्या, स्मोर: काडीला टोचून भाजलेला मार्शमेलो आणि चॉकलेटची वडी, दोन बिस्किटांच्या मध्ये दाबलेली. बाजारातल्या साध्या मार्शमेलोतलं जिलेटिन बहुधा डुकराचं असतं. म्हणून कोशेर कॅम्पात माशाच्या जिलेटिनचा मार्शमेलो आणतात. जेवणात सॉसेज झालं असेल तर दुधाचं चॉकलेट लगेच चालत नाही. मग बिनदुधाचं, काळं. दोन दिवसांच्या होडीसफरीला निघतानाही पातेल्यांचे दोन संच बांधावे लागतात. दहा वर्षांच्या मुलाला या नियमांवर व्याख्यान द्यायची गरज उरत नाही. त्याच्या बोटाला चिकटलेल्या साखरेतच सगळं आलेलं असतं.

आणि निसर्ग? तो नुसता पडद्यासारखा मागे टांगलेला असेल तर एवढ्या लांब जाण्यात अर्थ नाही. कॉनोव्हर ज्या व्हिलास काउंटीत आहे तिथे १३००हून जास्त तळी आहेत. शेवटच्या हिमयुगात आलेला बर्फाचा थर मागे हटला तेव्हा त्याचे प्रचंड तुकडे मातीत अडकून राहिले. ते विरघळले आणि खड्ड्यांची तळी झाली. त्या हिमयुगाच्या टप्प्याला भूगर्भशास्त्रज्ञ विस्कॉन्सिनचंच नाव देतात. अशा पाण्यात रात्री लून पक्षी ओरडतो, तो इतका माणसासारखा, की पहिल्या रात्री नवी मुलं अंथरुणात उठून बसली तर नवल नाही. ज्यू परंपरेत वीज दिसली, गडगडाट ऐकू आला, इंद्रधनुष्य उमटलं, उंच डोंगर नजरेस पडला, की म्हणायचे छोटे आशीर्वचन-मंत्र आहेत. शहरात वाढलेल्या मुलाने ते पाठ केलेले असतात आणि वापरायची वेळ क्वचित आलेली असते. इथे एका दुपारी ती येते. जीवरक्षकाची शिट्टी वाजते, सगळे पाण्याबाहेर. शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं कोणी पाण्यात पाय घालायचा नाही. सुरक्षेचा नियम आणि प्रार्थना एकाच ढगामुळे आठवतात.

शेती आवडणाऱ्या मुलांसाठी न्यूयॉर्कजवळच्या पटनम व्हॅलीत २०१० पासून ईडन व्हिलेज आहे, सेंद्रिय शेत असलेला. डोंगरदऱ्यांची ओढ असेल तर त्याच वर्षी कोलोरॅडोत सुरू झालेला रामाचा रॉकीजमधला कॅम्प. अपंग मुलांसाठी रामाने १९७० पासून तिक्वा हा उपक्रम चालवला आहे. पण निसर्ग लाड करत नाही. अमेरिकेच्या ईशान्येला आणि विस्कॉन्सिनलाही गोचिडी असतात, लाइम रोग पसरवणाऱ्या. रोज संध्याकाळी मुलांची अंगं तपासतात का, विचारा. कॅलिफोर्नियात सांता रोझाजवळचा कॅम्प न्यूमन ऑक्टोबर २०१७च्या टब्स वणव्यात जळाला. मुलं तेव्हा तिथे नव्हती, हे नशीब. आगीच्या प्रदेशातल्या कॅम्पाला मुलांना हलवण्याची योजना विचारण्यात संकोच कसला?

तळ्यावरची एक गोष्ट मात्र प्रत्यक्ष पाहूनच खात्री करावी. मुलं पाण्यात जोडीजोडीने उतरतात. अधूनमधून शिट्टी वाजते, प्रत्येक जोडी हात धरून वर उचलते, काठावर मोजणी होते, फळ्यावरच्या बिल्ल्यांशी आकडा जुळेपर्यंत कोणी हलत नाही. हे काम जिथे कंटाळा न करता चालतं तिथे बाकीचीही शिस्त असते. अमेरिकन कॅम्प असोसिएशनच्या निकषानुसार मुक्कामी कॅम्पात ६ ते ८ वयाच्या सहा मुलांमागे एक मोठा माणूस हवा, ९ ते १४ वयाच्या आठांमागे एक.

सत्र पहिलं की दुसरं, हे पालक नातेवाइकांच्या लग्नांवरून ठरवतात. मी आभाळ बघेन. ज्यूंचे मोठे सण वसंतात आणि शरदात. उन्हाळ्यात येतो तो तिशा बआव, जेरुसलेमची दोन्ही मंदिरं उद्ध्वस्त झाली त्याच्या शोकाचा उपवास. हिब्रू महिनेही चांद्र, अमावास्येपाठोपाठ सुरू होणारे, आणि १९ वर्षांत सात अधिक महिने घालून ऋतूंशी जुळवलेले, अगदी आपल्या पंचांगासारखे. त्यामुळे हा दिवस बहुधा आपल्या आषाढ किंवा श्रावण शुद्ध नवमीच्या आगेमागे पडतो. इतर ठिकाणी सुट्टीच्या गडबडीत विसरला जाणारा हा दिवस कॅम्पांनी जणू दत्तक घेतला आहे: मुलं जमिनीवर बसतात, विजेरीच्या उजेडात विलापगीतं वाचतात. २०२४ साली ही रात्र १२ ऑगस्टला आली, आणि नेमका तेव्हाच पर्सिड उल्कावर्षावाचा भर होता. अर्धा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळला. सत्र तोवर चालू असलेल्या कॅम्पातल्या जाग्या मुलांना शोकाच्या रात्री आभाळातून काय काय सांडताना दिसलं असेल!

हा प्रयोग अमेरिकेबाहेरही झाला. कम्युनिस्ट राजवट कोसळल्यावर १९९० मध्ये हंगेरीतल्या सार्वाश गावी, कोरोश नदीच्या काठी, आंतरराष्ट्रीय ज्यू कॅम्प उघडला. पूर्व युरोपातल्या अनेक घरांनी आपलं ज्यूपण दोन पिढ्या लपवलं होतं. तिथल्या कित्येक मुलांना शुक्रवारच्या मेणबत्त्या पहिल्यांदा दिसल्या त्या याच कॅम्पात. भारतातली ज्यू मुलंही तिथे जाऊन आली आहेत.

परिणाम टिकतो का? २०११ मध्ये ज्यू कॅम्पांच्या फाउंडेशनने जुन्या पाहण्या एकत्र करून सांगितलं की लहानपणी कॅम्पाला गेलेले लोक मोठेपणी शब्बातच्या मेणबत्त्या नियमित लावण्याची शक्यता ३७ टक्क्यांनी जास्त असते. मुळात अशा घरांतलीच मुलं कॅम्पाला जातात, ही शंका येतेच. अभ्यासकांनी तिचा हिशेब धरायचा प्रयत्न केला आहे, तरी मी आकडा जपूनच वापरेन. मला जास्त पटतो तो २०१४चा याल्डा उल्स यांचा प्रयोग, कॅलिफोर्नियातल्या एका साध्या निसर्ग-कॅम्पातला: पाच दिवस पडद्याविना राहिलेली मुलं चेहऱ्यावरचे भाव आधीपेक्षा बरे ओळखू लागली. बहुतेक ज्यू कॅम्पांत फोन पहिल्याच दिवशी काढून घेतात. तो नियम शिथिल करणाऱ्या कॅम्पाला माझ्याकडून दोन गुण कमी.

खर्च मोठा आहे, महिन्याचे कित्येक हजार डॉलर. त्याच फाउंडेशनची ‘वन हॅपी कॅम्पर’ योजना पहिल्यांदा जाणाऱ्या मुलाला १००० डॉलरपर्यंत मदत देते, आणि बहुतेक कॅम्प स्वतःही सवलत देतात. मागायला लाजू नये. मूल आठ-नऊ वर्षांचं असेल तर आधी आठवडा-दोन आठवड्यांचं छोटं सत्र घ्या. घरची आठवण जवळजवळ सगळ्यांनाच येते. या विषयावर वर्षानुवर्षं काम केलेले मानसशास्त्रज्ञ क्रिस्टोफर थर्बर पालकांना एक वाक्य कटाक्षाने टाळायला सांगतात: ‘नाहीच आवडलं तर आम्ही येऊन घेऊन जाऊ.’ त्यातून मुलाला एवढंच ऐकू येतं की आईबाबांनाही आपली खात्री नाही. त्यापेक्षा आजीकडे किंवा मित्राकडे दोन-तीन रात्री फोनशिवाय राहण्याचा सराव करावा, आणि पत्र कसं लिहायचं, पाकिटावर पत्ता कुठे घालायचा, तिकीट कुठल्या कोपऱ्यात चिकटवायचं हेही शिकवावं. ते आज दहा वर्षांच्या कुठल्याच मुलाला येत नाही.