चकाकीच्या आड

मागल्या रविवारी चिंचवडला, मोरया गोसावींच्या समाधिमंदिराजवळच्या घाटावर, नातवाने आपला ‘पोलरॉइड’ चष्मा माझ्या नाकावर चढवला. पवनेवरची उन्हाची चकाकी विरली आणि पायरीलगतचे दगड, निर्माल्य, प्लॅस्टिकच्या पिशव्या दिसू लागल्या.

पाण्यावरून तिरपा परतणारा प्रकाश बव्हंशी आडवाच कंप पावतो. हे ध्रुवीकरण. चष्म्याची काच नेमकी तीच कंपने अडवते. १९२१ साली बोटीने मायदेशी परतताना चंद्रशेखर वेंकट रामन यांनी निकोल लोलकातून असाच समुद्र न्याहाळला. पृष्ठभागावरचे आकाशाचे प्रतिबिंब वगळले, तरी निळाई उरलीच! मुंबई बंदरातूनच त्यांनी तसे टिपण लिहिले.

आता कॅमेरेही हीच खूण वाचतात. खडबडीत गवत-मातीवरून प्रकाश विस्कटतो. गुळगुळीत पत्रा किंवा काच त्याला त्या मानाने एका दिशेला लावते. म्हणून हिरवा रंग फासून झुडपांत दडवलेले वाहनही उठून दिसू शकते.

चतुर हा कीटकही याच खुणेने पाणी ओळखतो. चाकणला बनतात तशा मोटारींचे चकचकीत टप म्हणजे तळे समजून त्याची मादी तिथे अंडी घालते. तापल्या पत्र्यावर ती वाळून जातात. नावाचाच चतुर!

पण हसायचे कोणी? बँकेत असताना भोसरीच्या एका कारखान्याचा चकचकीत ताळेबंद पाहून मी कर्ज मंजूर केले होते. वर्षभरात टाळे लागले. फाटकाबाहेर बसलेले कामगार अजून आठवतात.

नातवाने चष्मा परत मागितला. म्हटले, “थांब रे, अजून जरा बघू दे.”