करंगळी सोडून

बार्शीटाकळीत हा आजार आधीपासून होता, ‘कार्पल टनेल सिंड्रोम’ हे नाव तेवढं उशिरा आलं. ऐंशीच्या दशकात आईची एकच तक्रार असायची, ‘रातीले हात मरून जाते.’ मध्यरात्री ती उठून बसायची, हात झटकायची, खाटेखाली लोंबता सोडायची. मुंग्या ओसरल्या की पुन्हा आडवी. शेजारच्या दोघी-तिघींचंही तेच, म्हणून कुणाला नवल वाटत नसे. वात म्हणून तेल चोळायचं, फारच झालं तर बी-कॉम्प्लेक्सची सुई. पुढे एका दवाखान्यात ‘मानेची नस दबली’ असं ठरलं आणि गळ्यात पट्टा आला. पट्ट्याने मान आखडली, हाताला काही फरक पडला नाही.

मनातली खरी भीती मात्र वेगळीच होती. बोटं बधिर म्हणजे महारोग तर नाही? अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी महारोग्यांसाठी उभारलेलं तपोवन सगळ्या वऱ्हाडाला ठाऊक, आणि तिथे जावं लागण्याची धास्तीही. त्यामुळे बायका मुंग्यांबद्दल बोलायच्या, बधिरपणाबद्दल नाही. वास्तविक कुष्ठरोगात बहुधा कोपरामागची नस आधी जाड होते आणि करंगळीची बाजू बधिर पडते. आईच्या आजारात उलट होतं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू एवढ्यालाच मुंग्या. करंगळी शाबूत. ‘कोणतं बोट?’ हा प्रश्न तेव्हा कुणी तिला विचारलाच नाही.

मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला हाडांची कमान आणि तिच्यावर आडवा जाड पट्टा असतो. या बोगद्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा आणि एक नस जाते. जागा मुळातच बेताची. कंडरांवरचं आवरण सुजलं की दाब त्या मऊ नसेवर येतो. झोपेत मनगट मुडपलं की तो आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्रीचा. करंगळीची नस या बोगद्यातून जात नाही, म्हणून ती सुटते.

मानेला दोष देण्यात आमचा तो दवाखाना एकटा नव्हता, हे पुढे वाचनात आलं. लंडनच्या जेम्स पॅजेट यांनी मनगटात दबलेल्या नसेचं वर्णन १८५४ सालीच केलं होतं. बोस्टनच्या जेम्स पटनम यांनी १८८० साली रात्री हात बधिर होणाऱ्या रुग्णांची नोंद केली. पॅरिसमध्ये मारी आणि फ्वा यांनी १९१३ साली शवविच्छेदनात दबलेली नस पाहिली आणि मनगटातला तो आडवा पट्टा वेळीच कापला तर हात वाचेल, असं सुचवलं. तरीही नंतर कितीतरी वर्षं डॉक्टर मानेजवळच्या बरगडीलाच कारण धरत राहिले आणि काहींच्या बरगड्या कापल्याही गेल्या. १९४७ साली रसेल ब्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सहा रुग्णांच्या मनगटावर केलेल्या शस्त्रक्रियांची हकिकत छापली, तेव्हा कुठे नजर मानेवरून मनगटावर आली.

आजार खऱ्या अर्थाने डॉक्टरांच्या ओळखीचा केला तो अमेरिकेच्या जॉर्ज फॅलन यांनी, १९५०नंतर. हातांच्या पाठी एकमेकींना टेकवून मनगटं मिनिटभर मुडपून ठेवायची आणि मुंग्या येतात का पाहायचं, ही त्यांची तपासणी. यंत्र नको, पैसा नको, ओट्यावर बसून करता येते. पण याच फॅलन यांना हा कष्टाच्या कामाचा आजार वाटत नव्हता, कारण त्यांच्या रुग्णांत मध्यमवयीन गृहिणीच जास्त होत्या! आमच्या गल्लीत येऊन त्यांनी हे सांगायला हवं होतं. ज्वारीच्या भाकरी थापणं, धुणं पिळणं, मग खुरपं धरून निंदण, सोयाबीन आल्यापासून विळ्याने सोंगणी, दसऱ्यानंतर किलोवर कापसाचा वेचा. यातलं कोणतं काम मनगटाशिवाय होतं?

नव्वदीनंतर गंमतच झाली. हा संगणकवाल्यांचा आजार म्हणून गाजला. वर्तमानपत्रांच्या आरोग्य पानावर कीबोर्ड आणि माऊसची चित्रं येऊ लागली. २००३ साली डेन्मार्कमधल्या एका मोठ्या अभ्यासात कीबोर्डचा दोष फारसा दिसला नाही. जोर लावून तेच-तेच काम करणं आणि थरथरणारी यंत्रं धरणं यांच्याशी संबंध जास्त पक्का आहे. मधुमेह, थायरॉइड, संधिवात, गरोदरपण हीही कारणं असतात. पण चित्र काही बदललं नाही. खुरपं धरलेला हात त्या पानावर मी तरी पाहिला नाही.

वहिनीची पाळी आली तोवर काळ बदलला होता. वीसेक किलोमीटरवरच्या अकोल्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न बोटाचा विचारला. साखर आणि थायरॉइड तपासलं, विजेचे बारीक झटके देऊन नसेचा वेग मोजला. आधी रात्री मनगट सरळ ठेवणारा पट्टा. त्याने झोप लागू लागली. मला विचाराल तर या आजारात एवढी स्वस्त आणि गुणकारी गोष्ट दुसरी नाही. नंतर मनगटात स्टेरॉइडचं इंजेक्शन. काही महिने बरे गेले. अंगठ्याखालचा उंचवटा बसायला लागला तेव्हा मात्र डॉक्टर म्हणाले, ‘आता थांबू नका, स्नायू एकदा गेला की पूर्ण परत येईलच असं नाही.’ आईचा तो उंचवटा सपाट झाला होता आणि शेवटी तिला चोळीचे हूकही लावता येत नसत.

ऑपरेशन हात तेवढा बधिर करून झालं, अर्ध्या तासाच्या आत. मुंग्या त्याच रात्री थांबल्या. तळहाताच्या बुडाशी दुखणं मात्र बरेच दिवस राहिलं आणि पिळण्याइतका जोर यायला काही महिने लागले. म्हणून तर तारीख उन्हाळ्यातली घेतली होती, शेतात काम नसतानाची. पापड-कुरडया त्या वर्षी विकतच्या आणल्या. डाव्या हातालाही मुंग्या आहेत. त्याचं पुढच्या उन्हाळ्यात बघू, असं वहिनी म्हणते. मधे एक वेचा आहे.