आठ अक्षरांत मावलेलं दुःख

वयाच्या तिशीत बहिणाबाई चौधरींचे यजमान गेले. पदरात तीन लेकरं, मागे शेतीचा व्याप आणि दारात कीव करणाऱ्या आयाबायांची रीघ. अशा काळावर त्यांनी जी कविता रचली ती वाचून आजही थक्क व्हायला होतं. जळगावजवळच्या आसोद्यात १८८० साली जन्मलेल्या या बाईंना अक्षरओळखही नव्हती.

त्या कवितेत घडतं काय? कुंकू पुसलं जातं, तर त्याखाली झाकलेली नशिबाची रेघ उघडी पडते. बांगड्या फुटतात, पण मनगटातली धमक जागच्या जागी असते. एकेक गोष्ट हातची जाते आणि तिच्या मागे काय उरलं, ते ही बाई लगेच चाचपून बघते. रडता रडताच शिलकीचा हिशेब! शेवटी ती आयाबायांना सांगते की माझी कीव करू नका. माझं मला समाधान आहे, माझ्या जिवाला आता मी आहे. दुसऱ्या एका कवितेत तर हात बघायला आलेल्या जोतिषालाच ती दारातून परत पाठवते. स्वतःवर प्रेम करा म्हणून हल्ली पुस्तकांमागून पुस्तकं निघतात, पण विधवेनं कोपऱ्यात बसावं अशी रीत असलेल्या त्या काळात हे म्हणायला काय छाती लागली असेल!

आता या कवितांच्या ओळींतली अक्षरं बोटांवर मोजून बघा. बहुतेक चरण आठ अक्षरांचे, असे चार चरण, दुसऱ्या-चौथ्याला यमक. एवढं लहान माप असल्यामुळे कागद नसला तरी गाणं डोक्यात टिकतं. मुलगा सोपानदेव आणि त्यांचे मावसभाऊ यांनी टिपून ठेवली म्हणून बहिणाबाईंच्या गाण्यांतली निदान काही वाचली. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या, आणि १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह ‘बहिणाबाईंची गाणी’ हे पुस्तक आलं.

या रचनेचं मूळ जात्यावरच्या ओवीत. एका हातानं खुंटा फिरवायचा, दुसऱ्यानं मूठमूठ वैरण घालायची आणि त्याच लयीत गायचं. हुंदका दाटला तरी जातं थांबत नाही, त्यामुळे श्वासाला फेऱ्याशी जुळवून घ्यावंच लागतं. बाईच्या दुःखाला कंठ फुटायचा तो ओवीतूनच.

शब्दांत आणली की भावना निवते, असंच काहीसं मेंदूचा अभ्यास करणाऱ्यांनाही दिसलं आहे. मॅथ्यू लीबरमन यांच्या २००७ च्या प्रयोगात, चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की भीती-संतापाच्या वेळी पेटणारा अमिग्डाला हा मेंदूचा भाग थंडावत होता. दळणाऱ्या बाईला हे कोणी शिकवलं नव्हतं. सल बोलून टाकला की जीव हलका होतो, हे तिचं रोजचं होतं.

पण घरातल्या घरात बोलायचं कसं? त्याचं उत्तर ओव्यांतच सापडतं. अभ्यासक हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावोगावच्या बायकांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यांत सीता पुन्हा पुन्हा भेटते: नवऱ्यानं टाकलेली, रानात एकटी. बाईनं स्वतःचं नाव घेतलं असतं तर घरात भांडण पेटलं असतं. सीतेचा वनवास गाणाऱ्या सुनेला सासू काय म्हणून गप्प बसवणार?