जुन्या यंत्राची पुनर्घडण

यंत्र जुने झाले म्हणजे ते निरुपयोगी झाले, अशी समजूत सर्वत्र रूढ होत चालली आहे. आवरण उघडून काय बिघडले हे पाहण्यापूर्वीच नवे यंत्र घरात येते. आणि जुने कसे चालत होते, हे अज्ञातच राहते. ज्यांना यंत्र केवळ वापरता येते, उघडता येत नाही, त्यांना प्रत्येक लहानसहान बिघाडासाठी विक्रेत्यावर अवलंबून राहावे लागते. या परावलंबनातून सुटण्याचा एक मार्ग अनेक देशांतील हौशी कारागिरांनी दाखविला आहे. जुन्या हातयंत्राचे अंतरंग समजावून घ्यावयाचे, आणि त्यात नवे भाग व स्वतः लिहिलेली आज्ञावली घालावयाची, हा तो मार्ग होय. ‘गेम बॉय’ हे त्याचे बोलके उदाहरण आहे.

गेम बॉय हे खेळाचे छोटे यंत्र जपानमधील निन्तेन्दो कंपनीने १९८९ साली बाजारात आणले. ते घडविणाऱ्या विभागाचे प्रमुख गुनपेई योकोई यांचे मत असे की, अगदी नवे व महाग तंत्र वापरण्यापेक्षा मुरलेले, स्वस्त तंत्र नव्या रीतीने वापरावे. त्यामुळे यंत्राचा पडदा रंगीत नव्हता. त्यावर १४४ ओळी व प्रत्येक ओळीत १६० ठिपके, म्हणजे एकूण २३,०४० ठिपके. आणि प्रत्येक ठिपक्यास चारच छटा. पडद्यामागे दिवा नसल्याने बाहेरचा उजेड पडल्याविना चित्र दिसत नसे. तथापि चार पेन्सिल सेलांवर ते पुष्कळ तास चाले.

या यंत्रातील फेरफार दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार यंत्रभागांचा. प्रथम सेलच्या खणातील पत्रे पाहावे लागतात. सेल आत राहून पाझरल्यास त्यांवर गंज चढतो व वीज पुढे जात नाही. तो गंज खरवडून काढला, किंवा पत्रे बदलले, की मृत समजले गेलेले यंत्र पुष्कळदा पुन्हा चालू होते. पडद्यावरील काही उभ्या ओळी नाहीशा झाल्या असतील, तर पडद्याच्या खालच्या कडेचा सांधा सैल झालेला असतो. कुशल हात त्यास बेताची उष्णता देऊन तो पुन्हा जुळवितात. याहून पुढे जाणारे कारागीर जुना पडदा काढून मागे दिवा असलेला नवा पडदा बसवितात. नव्या पडद्यास जुन्या यंत्राचे विद्युत्-संकेत थेट उमगत नाहीत. म्हणून दोहोंमध्ये एक लहान पट्टी जोडावी लागते. ती दुभाष्याचे काम करते. उजेड वाढतो, तशी विजेची गरजही वाढते, हे मात्र विसरून चालत नाही.

दुसरा प्रकार आज्ञावलीचा. या यंत्राचे खेळ एका डबीत साठविलेले असत व ती डबी मागील खाचेत बसविली जाई. आज पुनःपुन्हा लिहिता येणाऱ्या डब्या मिळतात. संगणकावर आज्ञावली लिहावी, तेथेच यंत्राची नक्कल करणाऱ्या आज्ञावलीत ती तपासावी आणि मग डबीत उतरवावी, असा क्रम आहे.

येथेच गणिताचा खरा उपयोग दिसून येतो. चार छटांपैकी एक सांगण्यास दोन द्विमान अंक पुरतात. आठ गुणिले आठ ठिपक्यांच्या एका चौकटीस १२८ अंक, म्हणजे १६ बाइट लागतात. पडद्यावर अशा २० गुणिले १८, म्हणजे ३६० चौकटी बसतात. आणि चित्रांसाठी स्मृती आहे अवघी ८,१९२ बाइटांची. म्हणून एकच विटेची चौकट पुनःपुन्हा मांडून भिंत रचावी लागते. रांगोळीच्या ठिपक्यांप्रमाणे येथेही मांडणीचा विचार आधी आणि चित्र नंतर. साधनांची काटकसर बुद्धीला कशी चालना देते, याचा हा प्रत्यक्ष पाठच होय.

काही दक्षता अवश्य घ्यावयास हवी. लिथियमचा घट भोसकला गेल्यास अथवा चुकीच्या रीतीने भारित केल्यास पेट घेऊ शकतो. तो मुलांच्या हाती देऊ नये. डाग देण्याचे काम मोकळ्या हवेत व जाणत्यांच्या देखरेखीखालीच व्हावे. दुसऱ्याच्या खेळाची नक्कल डबीत भरणे म्हणजे त्याच्या श्रमाचा अपहार होय. स्वतः लिहिलेली आज्ञावली मात्र सर्वस्वी लिहिणाऱ्याची असते.

शाळेत हेच यंत्र असावे, असे मुळीच नाही. बंद पडलेली विजेरी, जुना गणकयंत्राचा संच किंवा भिंतीवरचे घड्याळ यांपासूनही हा अभ्यास आरंभिता येतो. शिक्षकाने सेल काढून ते मुलांसमोर उघडावे, भाग ओळीने मांडावे, प्रत्येकाचे कार्य विचारावे आणि पुन्हा जुळवून घ्यावे. यंत्र चालू झाले तर उत्तमच. न झाले तरी ते का चालत नाही, हे मुलास सांगता आले म्हणजे पाठ सफल झाला असे समजावे.