शेजारच्या सीटवरचा मित्र

४ एप्रिल २०१६ च्या रात्री दिल्लीच्या सिव्हिल लाइन्समध्ये रस्ता ओलांडणाऱ्या ३२ वर्षांच्या तरुणाला एका भरधाव मर्सिडीजने उडवलं. त्यात त्याचा जीव गेला. गाडी चालवणाऱ्या मुलाला अठरा पूर्ण व्हायला काही दिवस बाकी होते आणि गाडीत त्याचे मित्र बसले होते. त्याच्यावर प्रौढ म्हणून खटला चालवायचा का, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. जानेवारी २०२० मध्ये न्यायालयाने ‘नाही’ असा निकाल दिला. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरात पोर्शेने दोघांचे बळी घेतले, तेव्हाही चर्चा मुख्यतः वय, पैसा आणि शिक्षा यांभोवती फिरली. मित्र सोबत असले की स्टिअरिंगवरच्या मुलाच्या डोक्यात काय घडतं, हा प्रश्न मागेच राहिला.

या वयातल्या मुलांना धोका कळत नाही, असं आपण सहज म्हणून जातो. तो त्यांना चांगला कळतो. ‘शार्कसोबत पोहणं शहाणपणाचं आहे का?’ असे प्रश्न अॅबिगेल बेअर्ड या संशोधिकेने मुलांना आणि मोठ्यांना विचारले. मुलांनीही ‘नाही’ असंच सांगितलं, पण उत्तर द्यायला मोठ्यांपेक्षा किंचित जास्त वेळ घेतला. मोठ्या माणसाला जे पाहताक्षणी नको वाटतं, त्याचा मुलं हिशेब करतात. आणि हिशेब म्हटला की समोरच्या पारड्यात मजाही पडते.

मजेचं हे पारडं कशाने जड होतं, हे मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग या मानसशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये दाखवलं. संगणकावरचा साधा खेळ होता. पिवळा दिवा लागला की गाडी थांबवायची की अजून थोडी दामटायची, हे ठरवायचं. जितकं पुढे जाल तितके गुण. अचानक भिंत आडवी आली तर कमावलेलं सगळं गेलं. एकटं खेळताना १३ ते १६ वर्षांची मुलं मोठ्यांइतकीच सावध होती. मित्र शेजारी येऊन बसले आणि त्यांचं धोका पत्करणं जवळपास दुप्पट झालं. चोविशीपुढच्यांमध्ये फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये मेंदूची छायाचित्रं घेताना दिसलं की मित्र पाहताहेत एवढं कळलं, तरी मुलांच्या मेंदूतला बक्षिसाला प्रतिसाद देणारा भाग जास्त पेटतो. आवर घालणारा पुढचा भाग मात्र विशीच्या मध्यापर्यंत पक्व होत राहतो.

आता रात्रीचा मोकळा रिंग रोड किंवा नोएडा-ग्रेटर नोएडा एक्सप्रेसवे डोळ्यांसमोर आणा. मागच्या सीटवरून कुणी ‘अजून दाब ना’ म्हणतं आणि काटा ४० वरून ८० वर जातो. वेग दुप्पट झाला, पण धडकेची ऊर्जा चौपट. त्या वेगात दोन सेकंद मोबाइलकडे पाहिलं, तर गाडी ४४ मीटर अंतर न पाहताच कापते. भारतात २०२२ मध्ये रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यातल्या बहुतांश अपघातांच्या नोंदीत कारण एकच आहे: अतिवेग.

२०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायदा कडक झाला. अल्पवयीनाने गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड होऊ शकतो. मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे हवंच होतं. पण अठरा पूर्ण झाले, लर्निंग लायसन्स आणि मग पक्कं लायसन्स हाती आलं, की त्याच रात्री गाडीभर मित्र घेऊन निघायला कायद्याची आडकाठी नाही. न्यूझीलंडने १९८७ मध्येच मधली पायरी घातली: नवा चालक ठरावीक काळ अनुभवी माणसाशिवाय ना रात्री उशिरा गाडी काढू शकतो, ना मित्रांना बसवू शकतो. पुढे अनेक देशांनी हा मार्ग धरला आणि नवशिक्यांचे अपघात घटले.

आपल्याकडे कायदा बदलेल तेव्हा बदलेल. किल्ली आज घरातच असते. ‘सावकाश चालव’ हे मुलाला आधीच ठाऊक आहे. त्याला हवी आहे ती मित्रांसमोर सांगता येईल अशी सबब. ‘घरचे पहिलं वर्षभर कुणाला बसवू देत नाहीत, रात्री दहानंतर गाडी देत नाहीत,’ ही सबब त्याला आईबापांनीच द्यायला हवी, आणि थोडा वाईटपणा घ्यायला हवा.