जुन्या गिटारला पिकअप लावताना: भोक पाडण्याआधीचं मोजमाप

माझ्या मामाची गिटार १९७०च्या दशकातली आहे. जपानी बनावटीची, बोटीवर नोकरी करणाऱ्या त्याच्या मित्राने आणून दिलेली. वरच्या फळीचा रंग मधासारखा झालाय आणि साउंडहोलच्या कडेला मामाच्या नखांनी झिजवलेला एक पांढरट डाग आहे. विभागाच्या कार्यक्रमात मला ती वाजवायची होती. तीनशे माणसांचं सभागृह, शेजारी तबला आणि कीबोर्ड. म्हणजे आवाज मोठा करणं भागच होतं.

दुकानात नेली तर तिथल्या माणसाने खालची पट्टा अडकवायची खुंटी काढून बघितली आणि म्हणाला, "इथे भोक मोठं करतो, जॅक टाकतो. अर्ध्या तासात घेऊन जा." मी गिटार उचलून घरी आणली. मामाला फोन केला तेव्हा तो एवढंच म्हणाला, "अगं वाजव की, वाजवायलाच दिलीय तुला. पण जे परत जोडता येणार नाही ते करताना आधी मला विचार."

पीएचडीच्या पहिल्या वर्षी हे वाक्य मला कुणी सांगितलं असतं तर माझे दोन महिने वाचले असते. त्यावर पुढे येते. आधी गिटारचं बघू, कारण संशोधनात पडल्यावर तुम्हालाही हाच प्रश्न सोडवायचा आहे. एक वस्तू कंप पावते आहे, एकच नग आहे, आणि तिच्यावर सेन्सर लावायचा आहे. कुठे, कशाने आणि किती कायमचा?

साधा माइक का नको, हा पहिला प्रश्न. अकूस्टिक गिटार ही स्वतःच एक पेटी आहे. आतली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि वरची फळी (सतारीत आपण जिला तबली म्हणतो ती) २०० हर्ट्झच्या अलीकडे जोरात हलते. स्टेजवरच्या स्पीकरचा आवाज गिटारवर आदळला की पेटी तेच सूर पुन्हा उचलते, माइक ते पुन्हा स्पीकरला देतो, आणि काही क्षणांत "हूऽऽ" सुरू होतं. कमी आवाजात, शांत खोलीत माइकसारखं दुसरं काही नाही. तबल्याशेजारी मात्र तो टिकत नाही.

दुसरा पर्याय मॅग्नेटिक पिकअप. चुंबकाभोवती तारेचं वेटोळं, वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात व्होल्टेज येतं. बारावीचा फॅरडे. साउंडहोलमध्ये दोन स्क्रूंनी तो अडकतो आणि भोक पाडावं लागत नाही. पण हा सेन्सर लाकडाचं जवळजवळ काहीच ऐकत नाही, तो फक्त पोलाद ऐकतो. अकूस्टिक गिटारच्या जाड तारांवर ब्राँझचा वेढा असतो, तो चुंबकाला दिसत नाही, आतली पोलादी तार तेवढी दिसते. वरच्या दोन तारा मात्र नुसत्या पोलादी. त्यामुळे दुसरी तार उगाच ओरडते आणि तिसरी दबते. नायलॉनच्या तारा असतील तर काहीच ऐकू येणार नाही.

कर्ट कोबेनने नोव्हेंबर १९९३मध्ये एमटीव्हीच्या 'अनप्लग्ड' कार्यक्रमात जी गिटार वाजवली ती १९५९ची मार्टिन डी-१८ई होती. तिला कारखान्यातूनच दोन मॅग्नेटिक पिकअप होते आणि साउंडहोलमध्ये नंतर आणखी एक बसवलेला होता. गंमत म्हणजे कार्यक्रमाचं नाव अनप्लग्ड, आणि त्याचा ॲम्प्लिफायर मात्र मॉनिटर स्पीकर भासावा म्हणून खोक्याआड लपवलेला. २०२०मध्ये ती गिटार ६० लाख डॉलरच्या वर लिलावात गेली. तेव्हा 'जुन्या वाद्याला पिकअप म्हणजे पाप' असं काही नाही. पण ती गिटार विजेची म्हणूनच जन्मली होती, मामाची नाही.

तिसरा पर्याय पीझो. इथे मी जरा रेंगाळणार आहे. १८८०मध्ये झाक आणि पिएर क्युरी या भावांनी दाखवलं की क्वार्ट्झसारखे काही स्फटिक दाबले की त्यांच्या पृष्ठभागांवर विद्युतभार येतो. पिएर तेव्हा २१ वर्षांचा होता. (हे वाचून निराश होऊ नका, मीही झाले होते.) आज गिटारमध्ये बहुधा सिरॅमिकची किंवा खास प्लास्टिकची पट्टी किंवा चकती वापरतात. पट्टी ब्रिजच्या, म्हणजे आपल्या घोडीच्या, खाचेत हाडाच्या तुकड्याखाली बसते. त्यासाठी खाचेत भोक पाडावं लागतं आणि हाडाचा तुकडा पट्टीच्या जाडीइतका घासावा लागतो. शिवाय ती तारेचा दाब थेट मोजते, लाकडातून फिरून आलेला आवाज कमीच. म्हणून तिचा आवाज कडक, थोडा प्लास्टिकसारखा येतो. चकती मात्र आतून, ब्रिजखालच्या लाकडी पट्टीवर चिकटवता येते.

मी २७ मिलिमीटरची साधी चकती घेतली, तात्पुरती चिकटवली आणि मिक्सरच्या लाइन इनपुटला जोडली. आवाज ट्रान्झिस्टर रेडिओसारखा, पातळ. 'चकती खराब' म्हणून मी दुसरी आणणारच होते. मग कागद घेतला. पीझो चकती म्हणजे विजेच्या दृष्टीने एक कपॅसिटर. माझ्या मल्टिमीटरवर ती २० नॅनोफॅरड दिसत होती. लाइन इनपुटचा इम्पीडन्स १० किलोओहम. कपॅसिटर आणि पुढचा रोध मिळून हाय-पास फिल्टर बनतो, आणि त्याची सीमा असते एक भागिले (२ × पाय × रोध × कपॅसिटन्स). आकडे घाला: सुमारे ८०० हर्ट्झ. त्याखालचं सगळं दबणार. गिटारच्या सहाव्या तारेचा मूळ सूर ८२ हर्ट्झ, पहिल्या तारेचा ३३०. म्हणजे सहाही मोकळ्या तारांचे मूळ सूर मी स्वतःच गाळून टाकत होते. चकती चांगली होती, मिक्सरही चांगला होता, त्यांची जोडी चुकली होती. मध्ये १ मेगओहमचा छोटा बफर टाकल्यावर सीमा ८ हर्ट्झवर आली आणि गिटारला पोट आलं. ब्रिजखालच्या पट्टीची कपॅसिटन्स समजा १ नॅनोफॅरड असेल, तर १ मेगओहमसुद्धा पुरत नाही (सीमा १६० हर्ट्झ येते), १० लागतात. हा हिशोब करायला दोन मिनिटं लागतात. लॅबमध्ये सिग्नल पातळ आला की आधी हा करा, मग नमुन्याला दोष द्या.

आता ते दोन महिने. माझ्याकडे कॉम्पोझिटची एक पातळ पट्टी होती. एक टोक घट्ट पकडलेलं, दुसरं मोकळं, वजन ४० ग्रॅम. मोकळ्या टोकाला मी १० ग्रॅमचा ॲक्सिलरोमीटर सुपरग्लूने चिकटवला. मोजलेली फ्रिक्वेन्सी गणितापेक्षा जवळजवळ ३० टक्के कमी आली. मी खूश! पट्टीने ओलावा शोषला म्हणून ती मऊ पडली, असा निष्कर्ष काढून मी स्लाइड्सही बनवल्या. गाइडनी एकच विचारलं: "सेन्सर लावायच्या आधीचं मोजमाप कुठंय?" नव्हतं. अशा पट्टीच्या टोकाला तिच्या वजनाचा साधारण चौथा हिस्साच परिणामकारक असतो, म्हणजे १० ग्रॅम. त्यावर मी आणखी १० ग्रॅम ठेवले होते. वस्तुमान दुप्पट, फ्रिक्वेन्सी भागिले दोनाचं वर्गमूळ. तीस टक्के तिथेच गेले. आणि सेन्सर काढायला गेले तर तंतू उचकटून आले. नमुना एकच होता.

म्हणून गिटारच्या बाबतीत पहिलं काम हे केलं: तारांत रुमाल खोचून त्या गप्प केल्या, ब्रिजवर पेन्सिलच्या रबराने दहा टिचक्या मारल्या, ३० सेंटिमीटरवर फोन ठेवून रेकॉर्ड केलं, स्पेक्ट्रम काढला. असं तीन दिवस. पावसाळ्यात लाकूड फुगतं, त्यामुळे एका दिवसाच्या आकड्यावर विसंबता येत नाही. फळीचं शिखर १८७ ते १९० हर्ट्झमध्ये हिंडत होतं. चकती पुट्टीसकट ३ ग्रॅम. फळीचं परिणामकारक वस्तुमान १०० ग्रॅम धरलं तर दीड टक्का, म्हणजे ३ हर्ट्झची घसरण अपेक्षित. प्रत्यक्षात २ हर्ट्झ दिसली. म्हणजे फरक माझ्या रोजच्या विखुरण्याइतकाच. 'काही फरक पडला नाही' असं मी म्हणणार नाही, माझ्या मोजमापाला तो वेगळा दिसला नाही एवढंच.

मग जागा. फळी सगळीकडे सारखी हलत नाही. क्लाडनीने अठराव्या शतकात पत्र्यावर वाळू पसरून दाखवलं तसं, प्रत्येक कंपनात काही रेषा स्थिर राहतात. गिटारच्या एका कंपनात डावी बाजू वर जाते तेव्हा उजवी खाली, आणि स्थिर रेषा साधारण मधोमध येते. चकती बरोबर तिथे लावली तर ते कंपन तुमच्या आलेखात येणारच नाही, फळी कितीही हलत असो. सुबक दिसतं म्हणून मी आधी मधोमधच लावली होती! चकती जाड तारांच्या बाजूला दीड इंच सरकवली तेव्हा भरीवपणा आला, पण हवेचं १०० हर्ट्झचं घुमणंही वाढलं. शेवटी तिथून थोडी आत आणली आणि साउंडहोलवर रबरी झाकण बसवलं. झाकणामुळे माइकचा आवाज मेला असता, पण चकतीला त्याने काही बिघडत नव्हतं.

आणि ते भोक? जॅकसाठी सुमारे १२ मिलिमीटरचं भोक लागतं आणि ते आतल्या लाकडी ठोकळ्यातून आरपार जातं. रोज स्टेजवर वाजवणारा माणूस असेल तर मी म्हणेन, चांगल्या कारागिराकडून रीमरने, हळूहळू पाडून घ्या. लोंबकळती केबल पायात अडकून घोडी उपटण्यापेक्षा ते बरं. वर्षातून एक कार्यक्रम असेल तर नाही. मी केबल झाकणाच्या फटीतून काढली, पट्ट्याला बांधली आणि बफर खिशात ठेवला.

कार्यक्रम झाला. 'हूऽऽ' एकदाच आलं, साउंडवाल्या दादाने १०० हर्ट्झजवळ थोडं कापलं आणि गेलं. मामा दुसऱ्या रांगेत होता. नंतर त्याने तारा सैल केल्या, साउंडहोलमधून हात आत घातला आणि चकती काढली होती तिथे बोट फिरवलं.

"चिकट लागतंय," तो म्हणाला.

आत वॉर्निश नसतं, कोरं लाकूड असतं. पुट्टीचं तेल त्यात उतरलं होतं. घरी आल्यावर पुन्हा दहा टिचक्या मारल्या, शिखर १८९वर होतं. वहीत आकडा लिहिला आणि त्याखाली: 'चकतीच्या जागी तेलकट डाग, अंदाजे रुपयाएवढा, मामाला बोटाने कळला, स्पेक्ट्रममध्ये नाही.'